यात आय नाही, बाप आहे

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या ऑफिसात एक पैज कायम लागलेली असे. विल्फ्रेडकाकांशी एकदाही भांडण न झालेला माणूस दाखवा आणि कॉफी मिळवा. मी तिथे नऊ वर्षं काढली; ती कॉफी कुणाला मिळालेली मला आठवत नाही. आणि या माणसाच्या नावाचा अर्थ होता, शांतीची इच्छा धरणारा.

माझा नंबर पहिल्याच आठवड्यात लागला. आमची कंपनी एक्स-रेची यंत्रं बनवायची आणि काका तपासणी विभागातले सगळ्यात जुने इंजिनिअर. मी पुण्याहून नुकतीच आलेली. मोठ्या अदबीने त्यांना मेल लिहिली, सुरुवात 'डिअर विल्फ्रीड सर' अशी. मेलला उत्तर आलं नाही. त्याऐवजी काकाच आले. उंच, काटकुळे, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, आणि हातात माझ्या मेलची छापील प्रत. तिच्यात एका अक्षराभोवती लाल गोल होता.

"मराठी ना तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जर्मनांची चूक कशाला करतेस? विल्फ्रीड ते लोक. मी विल्फ्रेड. त्यांच्या स्पेलिंगात मधे आय असतो, माझ्यात नाही." मग त्या लाल गोलावर बोट ठेवून म्हणाले, "नीट लक्षात ठेव. यात आय नाही, यात बाप आहे."

मी हसले. कोटी बरी होती. तिच्यात कोटीपेक्षा जास्त काही असेल असं पुढची चार वर्षं माझ्या डोक्यातही आलं नाही.

'सर' म्हणायला त्यांनी तिथल्या तिथे बंदी घातली. "सर नगरला राहिले. इथे विल्फ्रेड म्हण." आता वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच उचलेना. शेवटी मी 'काका' जोडून टाकलं आणि दोघांचंही समाधान झालं. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या गावचं हे ख्रिस्ती कुटुंब. डब्यात रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कँटीनमध्ये बटाट्यांच्या ढिगाशेजारी बसून ते ती भाकरी मोडत आणि समोरच्याला न विचारता अर्धी देत. नको म्हटलं तर तेही भांडणाला पुरत असे.

खिशाला लाल पेन. "नावाच्या शेवटी रेड आहे, म्हणून पेन लाल." जिथे जिथे कुणी तो आय घातला असेल, तिथे तिथे काका तो खोडत. वाढदिवसाच्या कार्डावर, दाताच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नाताळात मिळालेल्या चॉकलेटच्या कागदावर. बाहेरून पत्र आलं तर दुरुस्ती करून, स्वतःचं तिकीट लावून, ते परत पाठवायचं. सोबत दोन ओळी: आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, ते माझ्यासाठी नसावं असं वाटतं. एका विमा कंपनीने तीन वेळा चुकवलं तेव्हा काकांनी तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या पत्रावर नाव बरोबर होतं. ते पत्र त्यांनी आम्हाला सगळ्यांना दाखवलं. आत काय लिहिलंय ते वाचलं होतं की नाही, देव जाणे.

त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. एगाल. जर्मनीत राहणाऱ्याला हा शब्द सर्दीसारखा लागतो. एगाल, म्हणजे काय फरक पडतो, चालतंय, असू दे. कुणी एगाल म्हणालं की काका हातातलं काम खाली ठेवत. "तुला फरक पडत नसेल, तर तो पडतो कुणाला ते शोधून ये. तोवर मी थांबतो." आणि खरंच थांबत. मीटिंगा अडून राहत. आमचा जर्मन साहेब डोक्याला हात लावून "आल्झो, विल्फ्रेड...", म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणे. पण त्या साहेबाने माझ्याकडे एकदा कबूल केलं होतं, की या माणसाने सही केलेलं यंत्र कधी परत आलेलं नाही.

माझ्याही नावावरून त्यांनी मला झाडलं होतं. माझ्या नावात एक जोडाक्षर आहे. जर्मन जिभेला ते झेपत नाही हे पाहून मीच पहिल्या आठवड्यात त्याचे दोन तुकडे करून सोपं नाव लोकांच्या हाती दिलं होतं. काकांनी ते ऐकलं. "आईबापांनी बारशाला अख्खं नाव दिलं ना गं? मग सुट्टं करून का वाटतेस?" मला राग आला. म्हटलं, "काका, एवढ्याशा गोष्टीसाठी रोज कोण भांडत बसणार?" ते म्हणाले, "ज्याचं नाव आहे तो." आणि चिमटा काढून खिशात टाकून निघून गेले.

त्यांच्या पेटंटची गोष्ट तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जायची. एका झडपेच्या सुधारणेसाठी कंपनीने त्यांचा सत्कार ठेवला. सभागृह भरलेलं, मोठे साहेब स्टेजवर, हातात चौकटीतलं प्रमाणपत्र. काका वर गेले, प्रमाणपत्र हातात घेतलं, वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं. समोर काच होती, म्हणून काचेवरच फुली मारली, आणि चौकट अदबीने साहेबांच्या हातात परत देऊन, हात मिळवून खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. सात महिन्यांनी नवं प्रमाणपत्र आलं. जुनी काच मात्र त्यांनी मागून घेतली, फुलीसकट.

मी न राहवून एकदा विचारलंच. त्यांच्या घरी गेले होते, काकूंनी थालीपीठ लावलं होतं, आणि काका शेजाऱ्याशी चाललेल्या कुंपणाच्या तंट्याचा कागद वाचत बसले होते.

"काका, शांतीची इच्छा धरणारा माणूस एवढा भांडतो कसा हो?"

"कारण तुला अर्धाच अर्थ ठाऊक आहे," ते म्हणाले. "जुनं इंग्रजी नाव आहे ते. दोन तुकडे. पहिला विल. म्हणजे इच्छा, पण साधी नव्हे, धरून ठेवलेली. आपण हट्ट म्हणतो तसली. दुसरा फ्रिथ. म्हणजे शांती. पण कसली शांती?" त्यांनी हातातला कागद माझ्यासमोर धरला. "हा शब्द वाच."

"आइनफ्रीडुंग."

"अर्थ?"

मी मजकुरावरून अंदाज केला. "कुंपण?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. कुंपणाच्या पोटात फ्रीड बसलाय बघ, तोच आपला फ्रिथ. इथली दफनभूमी, फ्रीडहोफ, तीही मुळात कुंपण घातलेली जागाच. म्हणजे या लोकांची शांती वरून पडलेली नाही. कुणीतरी चारी बाजूंनी कुंपण घातलं आणि एक जण फाटकावर उभा राहिला, तेव्हा कुठे आत शांती झाली. आता सांग, फाटकावर उभं राहायला कसा माणूस लागतो?"

"हट्टी."

"मग? आहे की नाही अर्थ बरोबर?" त्यांचा चेहरा फुलला होता. "जुन्या काळी या नावाचा एक बिशप होऊन गेला तिकडे. जन्मभर राजांशी भांडला. हाकलून दिला, परत आला. पुन्हा हाकलला, पुन्हा आला. त्याला संत केलाय लोकांनी."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, संतांना सांगा, थालीपीठ गार होतंय."

खाताना काकांनी फाटकाचं पुढे चालू ठेवलं. गावच्या मिशनच्या दवाखान्याला एक फाटक होतं. गावात दोन तट, आणि दोन्ही तटांची माणसं आजारी पडणारच. दवाखान्यात शेजारी शेजारी बसली की मारामाऱ्या. तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने एक नियम केला. काठी बाहेर, माणूस आत. येणाऱ्या प्रत्येकाची काठी तो काढून घ्यायचा आणि भिंतीला लावून ठेवायचा. पाटील असो की महार, काठी बाहेर. एकदा फौजदाराला दाढदुखी झाली, त्याचीही छडी भिंतीला लागली.

'काठी बाहेर, माणूस आत' हे मी काकांच्या तोंडून मीटिंगांत शेकडो वेळा ऐकलं होतं. दोन विभाग भांडायला लागले की ते जर्मनमध्ये हेच म्हणत आणि लोक एकमेकांकडे बघत. त्याचं मूळ मला त्या दिवशी कळलं.

"तो पहारेकरी पण वल्लीच म्हणायचा," मी म्हटलं. "काय नाव त्याचं?"

"विल्फ्रेड."

"म्हणजे तुमच्याच नावाचा?"

"माझ्या नावाचा नव्हे. त्याचंच नाव ते. माझा बाप."

माझा घास हातातच राहिला. मग हळूहळू उलगडा झाला. पासपोर्टवर आपल्या पद्धतीने आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. जर्मनांना वाटलं, दोन्ही याचीच. त्यातलं जे ओळखीचं वाटलं ते त्यांनी उचललं. ऑफिसच्या यादीतही 'एस. विल्फ्रेड' एवढंच. म्हणजे गेली कित्येक वर्षं एर्लांगेनमध्ये सगळे या माणसाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत होते, आणि मी त्या बापालाच काका म्हणत होते.

"अहो काका, मग मला आधी सांगायचं नाही?"

"कशाला? बापाला आवडलं असतं. पुण्याची मुलगी काका म्हणतेय म्हणून."

"आणि तुमचं स्वतःचं नाव?"

"आहे की. एस." त्यांनी ताटातली चटणी बोटाने निपटली. "तेवढं पुरतं."

पुढे मी पुष्कळ प्रयत्न केले. सुधाकर म्हणून पाहिलं, सदाशिव म्हणून पाहिलं, सॅम्युअल, सायमन, सत्यवान. ते नुसते मान हलवत. काकूंना विचारलं तर त्या पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "इश्श, नाव घ्यायचं असतं होय?" त्यांच्यासाठी ते 'अहो' होते. हॅम्बर्गच्या लेकीसाठी 'पापा'. ऑफिसात आणि मित्रांत विल्फ्रेड. दाराच्या घंटीवर आडनाव. या माणसाचं स्वतःचं नाव या अख्ख्या देशात कुणाच्या तोंडी नव्हतं. आधी मला याची गंमत वाटली आणि घरी जाताना बसमध्ये अचानक वाईट वाटलं.

ती हॅम्बर्गची लेक म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं कळे, उत्तर जर्मनमध्ये देई. काका तिच्याशी मात्र भांडत नसत, ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती; कारण काय ते नव्हतं कळलं.

ते कळलं एका शनिवारी. कुंपणाचा तंटा संपत आला होता आणि काकांना जुनं एक पत्र सापडेना, म्हणून मी फायली उपसायला मदत करत होते. कपाटात जाडजूड फायलींची रांग. वीज, विमा, सायकल, कुंपण. शेवटच्या फायलीवर लेकीचं नाव. उघडली तर आत एकच अर्ज, सुबक अक्षरात पूर्ण भरलेला. नावात दुरुस्ती करण्याचा. सोबत सगळे दाखले, भाषांतरं, शिक्के. फक्त खाली सहीची जागा रिकामी, आणि तिथे पेन्सिलीने हलकी फुली.

काकांनी फाईल माझ्या हातातून घेतली. पण ठेवून दिली नाही, मांडीवर घेऊन बसले.

"या देशात मी दोनदा एगाल म्हणालो," ते म्हणाले. "पहिल्यांदा, ऑफिसच्या पहिल्या दिवशी. साहेबाने माझं नाव वाचलं, ते असं काही वाचलं की सगळे हसले. मीही हसलो. तो म्हणाला, मग विल्फ्रेड म्हणू का? मी म्हटलं, एगाल."

"आणि दुसऱ्यांदा?"

"मुलगी झाली तेव्हा. चौथ्या दिवशी नाव नोंदवायला गेलो. तिचं नाव, मधे माझं, मग आडनाव. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मधलं पुरुषाचं नाव आहे, मुलीला देता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, ते तिचं नाव नाहीच, तिच्या बापाचं आहे. त्यांना काही केल्या कळेना. मागे रांग. माझी जर्मन तेव्हा तोडकी. शेवटी म्हटलं, एगाल. आणि सही केली."

काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"गावी फोन केला. बापाने पहिला प्रश्न विचारला, पोरीच्या नावामागे कोण उभं केलंस? मी म्हटलं, आडनाव आहे. तो म्हणाला, म्हणजे फाटक उघडंच टाकलंस की रे." काकांनी फाईल बंद केली. "त्याने आयुष्यात मला एवढंच एक वाक्य रागाने ऐकवलेलं आहे. बोलला तेही हळूच. तेव्हापासून त्याच्या नावात मी एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. माझं गेलं ते गेलंच."

"पण आता नियम सैल झालेत म्हणतात. हा अर्ज..."

"मंजूर होईल. विचारून आलोय. पण ती सज्ञान आहे, सही तिची लागते."

"मग?"

"विचारलं होतं एकदा. पापा, इस्ट डोख एगाल, म्हणाली."

काय फरक पडतो, पापा. तो शब्द, आणि तोही लेकीच्या तोंडून. पुन्हा त्यांनी विचारलं नव्हतं. त्याला सहा वर्षं झाली होती.

मी भडकले. स्टेजवर साहेबाच्या हातात फुली मारून प्रमाणपत्र देणारा माणूस, विमा कंपनीला चार पत्रं लिहायला लावणारा माणूस, आणि पोटच्या पोरीला दुसऱ्यांदा विचारायची हिंमत नाही? मी असं सगळं त्यांना तोंडावर बोलले. म्हटलं, "मी करते फोन तिला. आत्ता."

"नाही." असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी चढवला नव्हता. मग खाली आणला. "हे बघ पोरी, इच्छा माझी आहे. कुंपण तिचं आहे. नावात दोन्ही आहेत ना? बापाच्या दवाखान्यात काठी घेऊन कुणी आत गेलं नाही. मग मी लेकीच्या आयुष्यात जाऊ? तू फोन करणार नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. नाइलाजाने दिला, आणि जाताना चप्पल घालताना दोन वेळा आपटलीही.

दुसऱ्या वर्षी पानगळीच्या दिवसांत काका निवृत्त झाले. ऑफिसच्या कँटीनमागच्या मोठ्या खोलीत निरोपसमारंभ. जर्मन सहकारी होते, आम्ही पाचसहा मराठी घरं होतो, काकू जांभळी पैठणी नेसून आल्या होत्या आणि हॅम्बर्गहून लेकही आली होती. भाषणं झाली. ज्यांच्या ज्यांच्याशी भांडणं झाली होती त्यांनी आपापलं भांडण सांगितलं, त्यामुळे समारंभ लांबला. मग केक आला. आमच्या विभागाच्या सेक्रेटरीने बेकरीला नाव स्वतः लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा मारून. बेकरीवाल्याला वाटलं असणार, बाईंची चूक झाली. त्याने ती सुधारली. चॉकलेटच्या जाड अक्षरांत, मधोमध, आय.

काकांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात लेक पुढे झाली. तिने सुरी उचलली, टोकाने तो आय अलगद खरवडून काढला, बोटावर घेतला आणि खाऊन टाकला. "झो," ती म्हणाली, "येत्स्ट श्टिम्ट्स." आता बरोबर झालं. खोली हसून हसून कोसळली. काका हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले.

मग आमच्या बायकांना चेव चढला. काकूंनी नाव घेतलंच पाहिजे. उखाणा झाल्याशिवाय केक कापायचा नाही. काकू लाजल्या, नाही म्हणाल्या, वय काय आमचं, म्हणाल्या. काकाही म्हणाले, "राहू द्या गं." तशी काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. बाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं हे मला दिसलं. खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"सायकलच्या वाटेवर पिवळी पडली पानं,
शांतवनरावांचं नाव घेते तीस वर्षांनं."

टाळ्या पडल्या. जर्मन लोक आपापसांत विचारू लागले, हा शांतवन कोण? मी मात्र टाळी वाजवायची विसरले. शांतवन. आपल्याकडे ख्रिस्ती घरांत ठेवतात हे नाव. सांत्वन, मनाला मिळालेला निवारा. ज्या बापाचं नाव होतं 'शांतीची इच्छा', त्याने मुलाचं नाव ठेवताना ती इच्छाच पुरी करून घेतली होती. बापाने नाव ठेवलं निवारा, आणि मुलगा निघाला असा! मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. एका इंग्रजी नावाचा अर्थ एका मराठी नावात येऊन पुरा झाला होता, आणि तो सलग लिहिलेला फक्त या माणसाच्या पासपोर्टवर होता.

लेक माझ्या शेजारीच उभी होती. जर्मनमध्ये, पण अगदी हळू, म्हणाली, "मी हे नाव कागदांवर पाहिलंय. कुणी म्हणताना आज पहिल्यांदा ऐकलं."

थोड्या वेळाने प्लेटा गोळा करताना ती पुन्हा आली. "ती फाईल पापाने कुठे ठेवलीय, तुला माहीत आहे?"

फोन करायचा नाही, असा मी शब्द दिला होता. विचारलं तर सांगायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.

"कपाटात," मी म्हटलं. "कुंपणाच्या शेजारी."

ती गेली ती हॅम्बर्गला; फाईलही गुपचूप तिच्या बॅगेतून गेली, हे मला मागाहून कळलं. आठवडे गेले, काही कळेना, आणि काकांना मी काही सांगितलं नाही. मग एका रविवारी दुपारी काकूंचा फोन. लगेच ये. घाबरत सायकल हाणत गेले. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर एक मोठं पाकीट. आत शिक्क्याचा दाखला, आणि लेकीच्या हातची चिठ्ठी. चिठ्ठी जर्मनमध्ये होती. काकांनी ती मला मराठी करून वाचून दाखवली. वाचताना दोनदा थांबले.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, हे तर पुरुषाचं नाव, ते तुमचं कसं? मी म्हटलं, माझं नाहीच. माझ्यामागे उभं आहे ते. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मागे रांग होती. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग कळलं. पापा, निश्ट एगाल. फरक पडतो.

मग त्यांनी दाखला पुढे ओढला, चष्मा पुसला आणि लाल पेनाचं टोपण काढलं. तिचं नाव एकेक अक्षर करत तपासलं. मग मधलं. शेवटच्या भागावर पेन थांबलं. इंग्रजीतलं व्ही जर्मन लोक 'फ' वाचतात. पहिल्या दिवशीचा साहेब तिथेच घसरला होता.

"शांतफान म्हणतील तिला," मी म्हटलं.

"म्हणू देत," ते म्हणाले. "ती सांगेल त्यांना."

मग आडनाव. मग पुन्हा पहिल्यापासून. काकू मागे उभ्या राहून श्वास रोखून बघत होत्या. बराच वेळ पेन कागदाच्या वर तसंच तरंगत राहिलं आणि शेवटी त्यांनी टोपण लावलं.

"एक चूक नाही," ते म्हणाले. "भांडायला काही ठेवलंच नाही पोरीने."

आता मी ड्रेस्डेनला असते. इथे माझं नाव मी जोडाक्षरासकट सांगते, आणि समोरच्याला येईपर्यंत सांगत राहते. काका-काकू हॅम्बर्गला लेकीजवळ राहायला गेले. पण त्यांची आठवण आली की मला ते टेबल आठवतं आणि ती दुपार. काका खिडकीबाहेर बघत होते, पाठ माझ्याकडे. नऊ वर्षांची सवय जिभेवरून पुसत मी हाक मारली, "शांतवनकाका."

ते हलले नाहीत. ही हाक दुसऱ्या कुणाला असावी, असं वाटलं असेल. ऑफिसात कुणी विल्फ्रेड म्हटलं की ते मान वर न करता 'या', म्हणजे जर्मनमधलं 'हो', म्हणत. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा ते सावकाश वळले, लहानपणी फाटकापलीकडून बोलावलं असावं तसे, आणि म्हणाले,

"ओ."